पाटे बांधले, गाडी मोकळीच : आंबोली घाटातलं एक प्रकरण

आंबोलीच्या माथ्यावर ट्रक बाजूला घेतला तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील. धुकं असं, की ट्रकच्या मागच्या लाल दिव्यांच्या वर आमची जिप्सी आहे हे माहीत होतं म्हणूनच दिसत होतं. मी मागच्या गाडीतून उतरलो, बेडवर चढलो आणि सवयीने मागच्या बेल्टवर थाप मारली. बेल्ट दोरीवर वाळत घातलेल्या पंच्यासारखा हलला. दुसऱ्या बाजूचाही तसाच. पुढे गेलो. पुढच्या डाव्या बेल्टचा हूक निघून बेडवर पडला होता. उजवा बेल्ट तारेसारखा ताणलेला, आणि बंपरच्या कडेवर त्याची बोटभर रुंदी उसवलेली. मधोमध विंचची, म्हणजे गाडी ओढून घ्यायच्या चरकाची तार, तीही ताठ. गाडी चार बोटं मागे सरकली होती आणि नाक उजवीकडे वळलं होतं.

म्हणजे घाटाचा बराचसा भाग १४२० किलोंची गाडी एका जखमी बेल्टावर आणि विंचच्या ब्रेकवर लटकत वर आली होती. मागून मी येत होतो. माझ्या शेजारी माझा मेहुणा बसला होता आणि आम्ही भजी कुठे खायची यावर बोलत होतो.

कुणाला काही झालं नाही, काही पडलं नाही. तरीही हे सविस्तर लिहितोय, कारण घरी येऊन आकडे मांडले तर बेल्ट पुरेसे होते. नुसते पुरेसे नाही, चौपट.

गोव्यात पावसाळ्यात ऑफ-रोडिंगची हवा असते. मलेशियात १९९७ साली सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा २०१४ मध्ये गोव्यात आली आणि त्यानंतर लाल चिखल, ओढे आणि विंच हे शब्द आमच्याकडच्या पोरांच्या रोजच्या बोलण्यात आले. आम्ही गेलो होतो तो मात्र ओळखीतल्या लोकांचा छोटा खासगी मेळावा होता. गाडी जुनी मारुती जिप्सी. जिप्सी मुळात हजार किलोंच्या आसपासची हलकी गाडी. पिंजरा, विंच, लोखंडी बंपर, मोठे टायर असं करत करत आमची कोल्हापूरच्या वजनकाट्यावर १४२० भरली होती. पुढे-मागे सरळ अखंड एक्सल आणि चारही कोपऱ्यांना पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. या पाट्यांकडे पुढे परत यायचंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओढ्यात इंजिनाने पाणी प्यायलं. बोनेटवरून पाणी गेलं, एक घुसमटलेला आवाज आला आणि इंजिन जाम. स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर काढण्याचा प्रयोग झाला, पण फिरवताना आतून जो आवाज येत होता तो ऐकून आमच्या मिस्त्रींनी हात जोडले. कोल्हापूरहून सरकत्या बेडचा ट्रक मागवला. बेड मागे सरकून जमिनीला टेकतो, विंचने गाडी वर ओढायची, बेड परत जागेवर. हे ट्रकवाले मामा पन्नाशीचे, शांत माणूस, आणि त्यांच्या हाताखाली मी याआधी तीन-चार वेळा गाडी चढलेली पाहिली होती. त्यामुळे त्या दिवशी मी बघितलंच नाही. पाऊस कोसळत होता, आम्ही ओले, आणि सगळ्यांना अंधाराच्या आत घाट चढायचा होता.

मामांनी चार बेल्ट मारले. पुढचे दोन आमच्या लोखंडी बंपरच्या टोकांना गुंडाळून बेडच्या पुढच्या कोपऱ्यांत, मागचे दोन मागच्या टो-हुकांतून मागच्या कोपऱ्यांत. रॅचेट, म्हणजे बेल्ट कसायच्या दात्यांच्या दांड्या, कसकसून ओढले. विंचची तार काढली नाही, थोडी ढिली सोडून तशीच ठेवली. गाडीला धक्का मारून पाहिला, गाडी बेडसकट हलली. "काय होत न्हाई दादा, निवांत या मागनं."

बांदा, सावंतवाडी, दाणोली. तिथपर्यंत रस्ता बरा. दाणोलीनंतर घाट सुरू होतो आणि पावसाळ्यात त्या घाटाला रस्ता म्हणणं हे सौजन्य असतं. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, डांबर तरी किती टिकणार? खड्डे, वळणं, धबधब्याजवळ उभ्या केलेल्या गाड्या, ट्रक थांबतोय, परत उठतोय. मला मागून जिप्सी डुलताना दिसत होती. मला वाटलं ट्रकच डुलतोय.

आता आकडे. ५० मिलिमीटर रुंदीचा जो नेहमीचा रॅचेट बेल्ट मिळतो, त्याच्या शिवलेल्या लेबलावर सरळ ओढीसाठी बहुधा २५०० डेकान्यूटन लिहिलेलं असतं. साध्या भाषेत अडीच टन. लेबल निळं असेल तर बेल्ट पॉलिएस्टरचा, हिरवं असेल तर नायलॉनचा. गाडी बांधायला पॉलिएस्टर हवा, कारण तो कमी ताणतो. युरोपीय मानकात पूर्ण भाराला ७ टक्क्यांपर्यंतच ताण चालतो. (ऑफ-रोडवाल्यांकडे चिखलातून गाडी हिसकायची नायलॉनची दोरी असते आणि ती पाहून "हीच बांधू की" असं कुणीतरी म्हणतंच. ती रबरासारखी ताणावी म्हणूनच बनवलेली असते. तिने गाडी बांधणं म्हणजे म्हशीला इलॅस्टिकने बांधणं.)

लागतं किती? युरोपचं मानक आणि अमेरिकेचा ट्रकवाल्यांचा नियम दोन्ही साधारण एकच धरतात: पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट, मागे आणि बाजूला ०.५ पट. म्हणजे जोराचा ब्रेक मारला तर आमच्या गाडीला पुढे जाण्यापासून रोखायला ११३६ किलोंची ओढ हवी, मागे जाण्यापासून रोखायला ७१०. घाटाचा चढ दहास एक धरला तर गाडी नुसती उभी असताना मागे खेचणारं बळ जेमतेम १४० किलो. समोर काय होतं? अडीच टनांचे दोन बेल्ट. तिरके असल्याने त्यांची लांबीच्या दिशेची ओढ साठेक टक्के धरू, तरी दोघांची मिळून तीन टन. ७१० च्या चौपट.

तरी गाडी सरकली.

पहिलं कारण शोधायला आम्हाला वेळ लागला नाही, कारण ते लाजिरवाणं होतं. इंजिन जाम होतं, गिअरमध्ये गाडी ढिम्म हलेना, म्हणून विंचने ओढताना कुणीतरी (बहुतेक मीच) ट्रान्सफर केसची (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) छोटी दांडी न्यूट्रलला टाकली होती. गाडी बेडवर चढल्यावर मामांनी त्यांच्या रिवाजाप्रमाणे मोठा गिअर पहिल्यात घातला आणि हँडब्रेक ओढला. पण ट्रान्सफर केस न्यूट्रल असली की मोठा गिअर कुठलाही असो, इंजिन जाम असो वा नसो, चाकांशी त्याचा संबंधच तुटलेला असतो. आणि हँडब्रेक? दोन दिवस ओढ्यात आणि चिखलात बुडालेले मागचे ड्रम. दांडी वर येत होती एवढंच. चाकांखाली ठोकळे नव्हते. म्हणजे ट्रकवर उभी होती ती चार चाकांवर मोकळी फिरणारी गाडी, आणि तिला धरायचं सगळं काम बेल्टांवर.

बेल्टांनी ते करायला हवं होतं. इथे पाटे येतात.

बंपर, टो-हूक, चॅसी, बॉडी हे सगळं पाट्यांच्या वर असतं. चाकं आणि एक्सल पाट्यांच्या खाली. आपण बंपरला बेल्ट बांधून कसतो तेव्हा बेल्ट काय करतो? बॉडीला खाली ओढतो, पाटे थोडे दाबले जातात, आणि दाबलेला पाटा परत वर ढकलतो म्हणून बेल्ट ताठ वाटतो. तो ताठपणा उसना, पाट्याच्या भरवशावरचा. ट्रकचं चाक खड्ड्यातून बाहेर आलं की बेड वर येतो, जिप्सीची बॉडी खाली बसते, बंपर आणि बेडचा कोपरा यांतलं अंतर कमी होतं आणि त्या क्षणी बेल्ट ढिला. पुढच्या क्षणी बॉडी उसळते, बेल्ट हिसका खातो. घाटात हे किती वेळा झालं असेल ते ज्याने तो घाट जुलैत चढलाय त्याने मोजावं. डावीकडचा हूक साधा उघडा होता, कुलुपासारखी पट्टी नसलेला. एका ढिल्या क्षणी तो कडीतून निसटला. उजवीकडचा बेल्ट बंपरवर मागेपुढे घासत राहिला आणि बंपर आमच्याच वर्कशॉपमध्ये कापलेला, कडा न घासलेला. पैसे वाचवले होते.

आम्ही गाडी बांधलीच नव्हती. पाटे बांधले होते.

यावर आमच्यातच एक वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. आमचा एक मित्र मोटरसायकली ट्रकने पाठवतो. त्याचं म्हणणं, सस्पेन्शन पूर्ण दाबून बांधायचं, मग ते उसळणारच नाही. मोटरसायकलला ते जमतही असेल. पण रॅचेटच्या दांडीवर माणूस पन्नासेक किलोंचा जोर लावतो तेव्हा बेल्टात येणारा ताण साधारण तीन-साडेतीनशे किलोंचाच असतो. लेबलावर तोही वेगळा लिहिलेला असतो. अडीच टन ही बेल्टची सहनशक्ती, आपल्या हाताची ताकद नव्हे. चार बेल्टांचा खाली दाबणारा हिस्सा धरला तर सहा-सातशे किलो, आणि घाटातला खड्डा चौदाशे किलोंच्या गाडीला त्याहून कितीतरी जोरात आदळतो. पाटे आणखी दाबले जाणारच. हातातल्या रॅचेटने जिप्सीचे पाटे संपवता येत नाहीत.

तिसरी गोष्ट टायर. चिखलासाठी हवा १२ पीएसआयवर आणलेली, ती तशीच राहिली. कॉम्प्रेसर मागच्या गाडीत माझ्या सीटखाली होता. एवढ्या कमी हवेत टायर म्हणजे आणखी एक स्प्रिंग, शिवाय आडवी डोलणारी. नाक उजवीकडे गेलं त्यात या मऊ टायरांचा हात मोठा असावा. आणि टायरच्या खाचांत भरलेला लाल चिखल घाटातल्या पावसाने धुवून काढला, तेवढी गाडी खाली बसली, तेवढा बेल्ट आणखी ढिला. गाडी धुवून चढवा असं कुणी सांगितलं असतं तर त्या दिवशी आम्ही हसलो असतो.

ढील किती महाग पडते याचं ढोबळ गणित मी नंतर वहीत केलं. मानकातला ०.५ पटीचा झटका ताठ बेल्टला हळूहळू लागला तर ७१० किलो. तोच झटका, पण बेल्ट पाच सेंटीमीटर ढिला असेल तर गाडी आधी तेवढं अंतर पळते आणि मग बेल्टवर आदळते. साठ सेंटीमीटर मोकळ्या लांबीचा एकच बेल्ट धरला तर त्यावर येणारा भार तीन टनांच्या घरात जातो, म्हणजे लेबलाच्या वर. विंचची पोलादी तार जवळजवळ ताणतच नाही, तिच्यावर तर त्याहून जास्त. तारेचं आणि विंचच्या ब्रेकचं काम गाडी वर ओढण्याचं. धक्के खात पन्नास किलोमीटर गाडी धरून ठेवण्याचं नव्हे. ट्रकवाले ती जोडलेली ठेवतात, असू दे बिचारी म्हणून. असू दे, पण हिशेबात धरू नका.

माथ्यावर आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण क्रम चुकला असता तर तिथेच गाडी गेली असती.

ट्रक आधी सपाट जागेवर घेतला. काहीही सोडण्याआधी चारही चाकांना पुढून-मागून अडसर लावले: टपरीमागचे दोन जांभ्याचे चिरे आणि मामांच्या केबिनमधले लाकडाचे ठोकळे. मग विंच हलकेच ओढून गाडी जागेवर आणली, चिरे परत सारले. ट्रान्सफर केसची दांडी फोर लो मध्ये (म्हणजे चारही चाकं गिअरला जोडलेली), मोठा गिअर पहिल्यात. जाम इंजिनाचा पहिल्यांदाच उपयोग झाला, चारही चाकं दगडासारखी. टायरांत हवा ३२ पर्यंत भरली. छोट्या कॉम्प्रेसरला चार मोठ्या टायरांसाठी चाळीस मिनिटं लागली आणि त्या चाळीस मिनिटांत मामा एक शब्द बोलले नाहीत.

मग बेल्ट. या वेळी बॉडीला हात लावला नाही. मागच्या एक्सलच्या हाऊसिंगला, चाकाच्या शक्य तितक्या जवळ, दोन बेल्ट आणि ते मागे एकमेकांना छेद देत फुलीसारखे. पुढेही एक्सललाच, पण फुली न मारता बाहेरच्या कोपऱ्यांकडे, कारण पुढे स्टिअरिंगचे रॉड मध्ये येतात. इथे पालथं पडून टॉर्चने बघावंच लागतं: हाऊसिंगवरून ब्रेकचा पाइप गेलेला असतो. तो बेल्टाखाली सापडला तर गाडी नीट घरी येते आणि पहिल्यांदा ब्रेक दाबल्यावर कळतं. फिरणाऱ्या शाफ्टला आणि स्टिअरिंगच्या रॉडला बेल्ट अजिबात नाही. एक्सल बांधला की बॉडी वर पाट्यांवर हवी तेवढी नाचू दे, बेल्टला त्याची खबरच नसते. त्याला फक्त टायरची दब जाणवते आणि ती हवा भरून आपण कमी केलेली असते.

उसवलेला बेल्ट बाद केला. आमच्याकडे एक होता तो लावला. जिथे बेल्ट लोखंडावरून वळत होता तिथे टपरीवाल्या काकूंनी दिलेलं गोणपाट चौपदरी घडी करून घातलं. उघड्या हुकांना कडीत अडकवून वर जाड तारेचा वेढा मारला, म्हणजे ढिले झाले तरी निसटायला नकोत. बेल्टांची शेपटं गुंडाळून बांधली. प्रत्येक टायरशेजारी बेडचा पत्रा पुसून चिकटपट्टीची रेघ मारली. ही रेघ मला सगळ्यात आवडली, फुकटची आणि खोटं न बोलणारी.

चाकालाच बांधायचे जाळीदार बेल्टही मिळतात, टायरवरून टोपीसारखे बसणारे. ज्यांच्या गाडीला पुढे अखंड एक्सल नाही, म्हणजे आजच्या बहुतेक गाड्या, त्यांनी तेच घ्यावेत. तिथे सस्पेन्शनच्या पातळ दांड्यांना बेल्ट बांधणं मला बरोबर वाटत नाही.

ट्रकऐवजी स्वतःच्या गाडीमागे ट्रेलर ओढणाऱ्यांची एक वेगळीच डोकेदुखी असते, ती इथेच सांगून टाकतो. आपल्याकडे ट्रेलर हेही कायद्याने वाहनच, त्याची वेगळी नोंदणी लागते, त्यामुळे हे लोक थोडे. पण ट्रेलरवर गाडी चार बोटं मागे सरकली तर प्रश्न नुसता बेल्टचा राहत नाही. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग जोडणीच्या गोळ्यावर यायला हवा. गाडी मागे सरकली की तो कमी होतो आणि ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो. तिथे सरकणं आणि कोलमडणं यांत फार अंतर नसतं. आम्ही ट्रकवर होतो म्हणून वाचलो हेही या प्रकरणातलं एक सत्य आहे.

आंबोली सोडल्यावर पाच-सहा किलोमीटरवर थांबलो. रेघा जागेवर, पण दोन बेल्टांनी रॅचेटचे दोन-दोन दात घेतले. अपेक्षितच होतं, गाठी बसतात, गोणपाट दबतं. अमेरिकेत व्यावसायिक ट्रकवाल्याला पहिल्या ५० मैलांच्या आत माल तपासायचं बंधन आहे आणि पुढे दर १५० मैलांनी किंवा तीन तासांनी. घाटाच्या तोंडाशी राहणाऱ्या माणसाला ५० मैल फार वाटतात. आम्ही दाणोलीला चहाला थांबलो असतो आणि कुणीतरी बेल्टवर थाप मारली असती तर हे प्रकरण तिथेच मिटलं असतं. आजऱ्याला परत पाहिलं, एकही दात नाही. निपाणीला पाहिलं, नाही.

रात्री साडेअकराला कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या गॅरेजच्या दारात ट्रक लागला. चारही टायर रेघेला रेघ. मामांनी बेल्ट सोडले आणि तो उसवलेला बेल्ट नीट गुंडाळून सीटमागे ठेवायला लागले. मी म्हटलं, मामा, हा टाकून द्या. ते म्हणाले, "मालकानं बेल्ट मोजून दिल्यात. एक कमी दिसला की पगारातनं कापतंय." चूक त्यांचीही होती, माझीही होती, पण बेल्टचे पैसे कापले जाणार होते ते फक्त त्यांचे. मेहुण्याने पाकिटातून नव्या बेल्टचे पैसे काढून त्यांच्या हातात दिले. मग मिस्त्रींनी आतून करवत आणली आणि मामांनी स्वतःच तो बेल्ट मधोमध कापला, दोन्ही तुकडे हातात धरून थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "ते गोणपाट तुम्हाला पायजेल का?"